विंचूदंशावरील महाडचे संशोधन

रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव साळुबा बावस्कर (१९५१– ) व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर केलेले चिकित्सात्मक संशोधन आणि त्यावर १९८२ पासून प्रसिद्ध झालेली निबंधमालिका. विद्यापीठ, मोठी प्रयोगशाळा किंवा सुसज्ज ग्रंथालय यांपासून दूर, तालुक्याच्या ठिकाणी रुग्णाच्या खाटेपाशी केलेल्या निरीक्षणांतून हे संशोधन उभे राहिले. एखाद्या संशोधकाच्या निबंधांचा इतिहास म्हणजे केवळ त्यांची यादी नव्हे; ते कोणी वाचले, कोणी पुढे नेले, कोणी त्यांना आक्षेप घेतला आणि त्यांतून उपचारात कोणता बदल झाला, याचाही तो इतिहास असतो. या दृष्टीने महाडची निबंधमालिका विशेष अभ्यसनीय ठरते. कारण तिच्यातील प्रश्न रुग्णाच्या जीवनमरणाचा होता.

पूर्वपीठिका : भारतात विंचवांच्या अनेक जाती आढळतात. त्यांपैकी बहुतेकांच्या दंशाने तीव्र वेदना होतात, परंतु जीवास धोका नसतो. याला ठळक अपवाद तांबड्या विंचवाचा. कोकण, पश्चिम महाराष्ट्र व मराठवाडा यांसह देशाच्या अनेक भागांत तो सापडतो. दगडांच्या फटी, भाताचा पेंढा, गवताचे भारे, कौले व जळाऊ लाकडे हे त्याचे आश्रय असल्यामुळे त्याच्या दंशाला मुख्यतः शेतकरी, मजूर व त्यांची मुले बळी पडतात. दंश बहुधा हातापायांस होतो. मुलांचे शरीर लहान असल्यामुळे त्यांच्या बाबतीत विषाचा परिणाम अधिक गंभीर होतो.

मुंबईच्या हाफकिन संस्थेत जे. एफ. कायुस व के. एस. म्हसकर यांनी भारतीय विंचवांचा अभ्यास केला व तो १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि दंशाने मृत्यू नेमका कशाने येतो, हे पुढे दीर्घकाळ स्पष्ट नव्हते. १९६१ मध्ये पी. एम. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नल या साप्ताहिकात विंचूदंशानंतर होणाऱ्या फुप्फुसशोफाकडे, म्हणजे फुप्फुसात द्रव साचून श्वास कोंडण्याकडे, लक्ष वेधले. १९७० मध्ये इझ्राएलमधील गुएरॉन व यारॉन यांनी तेथील विंचवाच्या दंशात हृदय व रक्तवाहिन्यांवर होणाऱ्या परिणामांचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा रीतीने मृत्यूचे कारण हृदय व फुप्फुसे यांत शोधावयास हवे, हे सूचित झाले होते. परंतु खेड्यातील डॉक्टराने प्रत्यक्ष काय करावे, याचे समाधानकारक उत्तर उपलब्ध नव्हते. १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतातील गंभीर दंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्क्यांपर्यंत असल्याचे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहे.

महाड येथील निरीक्षणे : हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात देहेड या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम्‌. बी. बी. एस्‌. झाल्यावर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते शासकीय सेवेत रुजू झाले. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम्‌. डी. ही पदवी घेतली व पुन्हा ते महाड परिसरातच आले. तांबड्या विंचवाच्या दंशाचे रुग्ण ज्या भागात वारंवार येत, तेथे कायम राहणारा व त्यांना पहिल्या तासांपासून पाहू शकणारा निरीक्षक, हीच या संशोधनाची मुख्य साधनसामग्री होती. मोठ्या शहरातील रुग्णालयात असा रुग्ण पोहोचेपर्यंत रोगाच्या आरंभीच्या अवस्था बहुधा उलटून गेलेल्या असत.

बावस्कर यांचा विंचूदंशावरील पहिला महत्त्वाचा निबंध १९८२ मध्ये द लॅन्सेट या ब्रिटिश साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. दंशानंतर हृदयावर होणाऱ्या गंभीर परिणामांची निदानसूचक पूर्वलक्षणे कोणती, हा त्याचा विषय होता. ओकारी, सर्वांगास दरदरून सुटणारा घाम, लाळ गळणे, पुरुष रुग्णांत शिश्नाचे सतत ताठर राहणे आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसल्यास विष सर्व शरीरात पसरले आहे व पुढे हृदय आणि फुप्फुसे संकटात येण्याचा संभव आहे, असे त्यातून निष्पन्न झाले. ही लक्षणे ओळखण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. हृदयविद्युत्‌ आलेखाची सोय नसलेल्या आरोग्य केंद्रातही ती पाहता येतात, हे या निबंधाचे व्यावहारिक मूल्य होते.

या लक्षणांमागील कार्यकारणभाव पुढे अधिक स्पष्ट झाला. विंचवाच्या विषामुळे तंत्रिका कोशिकांच्या पटलातील सोडियमाच्या वाहिन्या वेळेवर मिटत नाहीत. त्यामुळे स्वायत्त तंत्रिका तंत्र अनावरपणे उत्तेजित होते. आरंभी परानुकंपी तंत्रिकांचा जोर असतो. घाम, लाळ व ओकारी ही त्याची लक्षणे होत. त्यानंतर अनुकंपी तंत्रिकांच्या उत्तेजनाने ॲड्रिनॅलीन व तत्सम द्रव्यांचा रक्तात पूर लोटतो. रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरील भार असह्य होतो आणि अखेर फुप्फुसशोफ होऊन रुग्ण दगावतो. दंशाच्या जागेची वेदना तीव्र असेल, तर बहुधा विष स्थानिकच राहिलेले असते. उलट वेदना थोडी पण घाम व ओकारी अधिक असेल, तर काळजी घ्यावयास हवी, असाही अनुभव नोंदविला गेला.

उपचारातील बदल : आकुंचित रक्तवाहिन्या हे संकटाचे मूळ असेल, तर त्या सैल करणारे औषध उपयोगी पडावे, हा पुढील तर्क होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड या वाहिनीविस्फारक औषधाचा उपयोग करण्यात आला. परंतु ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते व रक्तदाबावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. खेड्यात हे सहसा शक्य नसते. त्यामानाने प्राझोसिन हे औषध पोटातून देता येते, स्वस्त आहे आणि ज्या ग्राहींवर अनुकंपी तंत्रिकांचा परिणाम होऊन रक्तवाहिन्या आकुंचतात, नेमक्या त्या आल्फा-१ ग्राहींना ते रोधते. मूळचे हे औषध उच्च रक्तदाबावरील होय. विंचूदंशातील त्याच्या उपयोगाविषयी बावस्कर दांपत्याचा निबंध १९८६ मध्ये द लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाला. पुढे शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ३० मायक्रोग्रॅम ही मात्रा, लक्षणे ओसरेपर्यंत दर तीन तासांनी, अशी पद्धत रूढ झाली. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू नये, म्हणून रुग्णास आडवे ठेवणे व त्याच्या शरीरातील द्रवाचा तोटा भरून काढणे यांवरही भर देण्यात आला.

यानंतरच्या दोन दशकांत महाडहून अनेक निबंध प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील तांबड्या विंचवाच्या दंशाचा चिकित्सात्मक अभ्यास (१९८९), मुलांतील गंभीर दंशाचे परिणाम (१९९१), ॲट्रोपिनाच्या वापराची चिकित्सा (१९९२), वाहिनीविस्फारकांविषयीचा भारतीय अनुभव (१९९४) आणि उपचारपद्धतीचा आढावा (१९९९) हे त्यांपैकी काही विषय होत. हे लेखन लंडन येथील उष्ण कटिबंधीय वैद्यकाची नियतकालिके, विषविज्ञानाचे टॉक्सिकॉन, हृदयरोगविषयक हार्ट, तसेच भारतीय वैद्यक परिषदांची मुखपत्रे यांतून आले. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचाही त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्राझोसिनाचा वापर रूढ झाल्यानंतर गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी झाल्याचे महाडच्या निबंधांत नमूद आहे. ही तुलना पूर्वीच्या व नंतरच्या काळातील रुग्णांची आहे, एकाच वेळच्या दोन समान गटांची नव्हे. या काळात दळणवळण, रुग्णास लवकर आणण्याची प्रवृत्ती व इतर उपचार यांतही सुधारणा झाली, हे लक्षात घ्यावयास हवे. तरीही इतका मोठा फरक केवळ या कारणांनी पडला असे मानणे कठीण आहे.

मतभेद व पुनर्विचार : विषावर प्रतिविष द्यावे की नाही, हा विंचूदंशाच्या चिकित्सेतील दीर्घकाळ वादाचा प्रश्न होता. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाच्या शीर्षकातच बावस्कर दांपत्याने प्रतिविष-चिकित्सा आवश्यक आहे काय, असा प्रश्न उपस्थित केला होता. १९९९ मध्ये ट्युनिशियातील अब्रूग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२५ रुग्णांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत सरसकट दिलेल्या प्रतिविषाचा लाभ दिसून आला नाही. उलट २००९ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना येथे १५ मुलांवर झालेल्या चाचणीत तेथील विंचवाच्या प्रतिविषाने लक्षणे झपाट्याने ओसरली. हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटले, तरी तिन्ही प्रदेशांतील विंचू भिन्न जातींचे, त्यांची विषे भिन्न गुणांची आणि चाचण्यांत घेतलेले रुग्णही भिन्न अवस्थांतील होते. एका देशातील निष्कर्ष दुसऱ्या देशास जसाच्या तसा लागू करता येत नाही, हे यातून दिसते.

दरम्यान मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध झाले. तेव्हा बावस्कर दांपत्याने आपल्या पूर्वीच्या शंकेची स्वतःच परीक्षा घेतली. महाड येथील ७० रुग्णांचे चिठ्ठीने, म्हणजे कोणतीही निवड न करता, ३५-३५ चे दोन गट पाडण्यात आले. एका गटास केवळ प्राझोसिन व दुसऱ्यास प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही देण्यात आली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्यात ३२ होते. ही चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. तीमध्ये कोणता रुग्ण कोणत्या गटात आहे, हे चिकित्सकास ठाऊक होते आणि हृदय वा फुप्फुसे बिघडलेले अतिगंभीर रुग्ण तीत नव्हते. या तिच्या मर्यादा होत. तथापि ज्या उपचाराने आपले नाव झाले, तो एकटा पुरेसा नाही, असे दाखविणारा पुरावा त्याच संशोधकांनी गोळा करून प्रसिद्ध केला, ही गोष्ट निबंधांच्या संख्येपेक्षा अधिक मोलाची आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील जी. के. इस्बिस्टर यांच्यासह बावस्कर यांनी विंचूदंशावरील आढावालेख द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या अमेरिकन साप्ताहिकात लिहिला. अशा आढावालेखाने एखाद्या विषयातील विखुरलेले ज्ञान सर्वसाधारण वैद्यकाच्या हाती येते.

संदर्भनिर्देशाचे मोजमाप : शास्त्रीय निबंधात लेखक आपल्या आधीच्या ज्या निबंधांचा आधार घेतो, त्यांचा तो शेवटी निर्देश करतो, यास संदर्भनिर्देश म्हणतात. कोणत्या निबंधाचा पुढे कोणी व किती वेळा निर्देश केला, हे शोधता यावे, अशी सूची करण्याची कल्पना अमेरिकन ग्रंथालयशास्त्रज्ञ यूजीन गारफील्ड (१९२५–२०१७) यांनी १९५५ मध्ये मांडली. न्यायनिवाड्यांचे पुढील उल्लेख शोधण्यासाठी अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरीत असलेली सूची हा तिचा आदर्श होता. १९६०–७० या दशकात विज्ञानासाठी अशी सूची नियमितपणे निघू लागली. नियतकालिकांच्या सरासरी उल्लेखसंख्येवरून काढलेला प्रभावांक पुढे प्रचारात आला व २००५ मध्ये जे. ई. हर्श यांनी व्यक्तीसाठी एच्‌-निर्देशांक सुचविला. एखाद्या संशोधकाच्या किमान वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला असेल व एकवीस निबंधांच्या बाबतीत तसे म्हणता येत नसेल, तर त्याचा हा निर्देशांक वीस असतो. गारफील्ड यांचा मूळ हेतू विचारांचा माग काढण्याचा होता; पुढे नेमणुका, बढत्या व अनुदाने यांसाठी या आकड्यांचा उपयोग होऊ लागला.

विंचूदंशाच्या वाङ्‌मयास हे मोजमाप लावताना काही अडचणी येतात. पहिली अडचण नावाची. तांबड्या विंचवाचे प्रजातिनाम वर्गीकरणानुसार वारंवार बदलले आहे. टॅम्युलस हे जातिनाम कायम असले, तरी हा प्राणी निरनिराळ्या काळच्या निबंधांत ब्युथस, ब्युथोटस, मेसोब्युथस व अलीकडे हॉटेन्टोटा या प्रजातींत आढळतो. एकाच नावाने शोध घेणाऱ्यास या वाङ्‌मयाचा एक भागच हाती लागतो.

दुसरी अडचण वाचकवर्गाची. याच विंचवाच्या विषातून अमेरिकेतील संशोधकांनी १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन हे प्रथिन वेगळे केले. पेशींच्या पटलांतील एका विशिष्ट प्रकारच्या पोटॅशियम-वाहिन्या ते रोधते. त्यामुळे शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत ते जगभर साधन म्हणून वापरले जाते. ते वापरणारा प्रत्येक शास्त्रज्ञ निबंध लिहितो व त्यात त्याचा निर्देश करतो. प्राझोसिन वापरून मूल वाचविणारा तालुक्यातील डॉक्टर मात्र निबंध लिहीत नाही. एकाच विषावरील या दोन शोधांची उल्लेखसंख्येवरून तुलना केली, तर लिहिणाऱ्या वाचकांची संख्या कळेल. कोणाचा उपयोग किती झाला, हे कळणार नाही. शिवाय विंचूदंश हा मुख्यतः गरीब व उष्ण प्रदेशांतील ग्रामीण लोकांचा आजार आहे. २००८ मधील एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सु. १२ लाख लोकांना विंचूदंश होतो व त्यांपैकी ३,२५० हून अधिक दगावतात. कर्करोग किंवा हृदयरोग यांच्या मानाने या विषयावर लिहिणारे थोडे, म्हणून उल्लेखही थोडे. असे असले तरी विषय गौण ठरत नाही.

महाराष्ट्रातील इतर उदाहरणे : मुंबईचे रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच ही वनस्पती पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेत भरली. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी द लॅन्सेटमधील एका छोट्या टिपणात एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. हा रक्तगट आज ‘बाँबे रक्तगट’ या नावाने सर्व रक्तपेढ्यांत परिचित आहे. मात्र तो शब्द वापरताना मूळ टिपणाचा निर्देश क्वचितच केला जातो. शोध इतका सर्वमान्य होतो की त्याच्या उगमाचा उल्लेख करण्याची गरज उरत नाही. अशा वेळी उल्लेखांची घट हे विस्मरणाचे नव्हे, तर पूर्ण स्वीकाराचे लक्षण असते. प्राझोसिनाच्या बाबतीतही काही अंशी असेच घडले आहे. उपचाराच्या मार्गदर्शिकांतून ते सांगितले जाते, परंतु प्रथम कोणी सांगितले, हे वापरणाऱ्यास ठाऊक असतेच असे नाही.

महत्त्व : बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. तथापि त्यांच्या कार्याचे वेगळेपण किताबात वा उल्लेखसंख्येत सामावत नाही. महाडच्या रुग्णालयात उपचाराने वाचलेला रुग्ण हे एका वैद्याचे यश होय. तो अनुभव तपासून, लिहून व चिकित्सेस खुला करून प्रसिद्ध झाला, तेव्हाच तो महाडबाहेरील वैद्यांच्या उपयोगी पडला. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या गावी दंश झालेल्या मुलाच्या दृष्टीने पहिले काही तास निर्णायक असतात. त्या वेळी जवळच्या केंद्रातील डॉक्टरास पूर्वलक्षणे ओळखता आली व योग्य औषध ठाऊक असले, तर १९८२ पासूनच्या निबंधमालिकेचा हेतू साध्य झाला असे म्हणता येते. या उपयोगाची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. म्हणून वैद्यकीय संशोधकाच्या निबंधांचे मूल्य ठरविताना संदर्भनिर्देशांची संख्या हा एक पुरावा मानावा. रुग्णांतील मृत्यूच्या प्रमाणात पडलेला फरक, इतर देशांतील चाचण्यांशी झालेली तुलना आणि स्वतःची चूक वा अपुरेपणा प्रसिद्ध करण्याची तयारी हे पुरावेही त्याच्या जोडीला ठेवावयास हवेत.